जुन्या मोटारीचे पुढले सांधे

ज्या घरांत एखादी जुनी मोटार आहे, त्या घरांत तिच्याविषयीं बहुधा दोन पक्ष असतात. वडील पिढीला ती घरांतील एक माणूसच वाटते. आजोबांनीं दवाखाना काढला त्या सालीं ती आली, आत्याची पाठवणी तिच्यांतून झाली, कुलस्वामिनीच्या दर्शनाला सारें घर दाटीवाटीनें तिच्यांतच बसून गेलें. अशी गाडी कोणी विकूं म्हटलें कीं त्यांच्या जिवाला लागतें. दुसरा पक्ष तरुणांचा. अंगणांतील एवढी जागा अडवून बसणारी आणि पावसाळ्यांत हटकून रुसणारी ही वस्तु कशासाठीं ठेवावयाची, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. दोन्ही पक्ष पुष्कळ बोलतात. परंतु ती गाडी घरच्या माणसांना बसवून घाट उतरण्यास योग्य आहे कीं नाहीं, हें मात्र पुढल्या चाकामागें वांकून कोणीच पाहत नाहीं. आमच्या मतें या वादाचा खरा निकाल तेथेंच लागतो. तो घरच्या घरीं कसा लावावा, आणि झिजलेले भाग आढळल्यास ते कसे बदलावे, हें सांगण्याचा या लेखांत विचार आहे.

उदाहरणासाठीं आम्ही मॉरिस मायनर ही गाडी घेतों. ती १९४८ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांसमोर आली. ॲलेक इसिगोनिस यांनीं ती आंखली. पुढें १९५९ सालीं निघालेली मिनी ही सुप्रसिद्ध छोटी गाडीही त्यांच्याच कल्पनेंतून उतरली. मायनरचें उत्पादन १९७२ पर्यंत चाललें आणि तेवढ्या काळांत सोळा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनें १९५० च्या दशकाच्या आरंभीं हीच गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें बाजारांत आणली होती. ती आम्ही निवडली याचें मुख्य कारण असें कीं, हिच्या पुढल्या चाकाची रचना समजण्यास अत्यंत सोपी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास होणारा परिणाम तितकाच भयंकर आहे.

वजन कोठें पेललें जातें?

मोटारीच्या पुढल्या चाकाला दोन कामें एकाच वेळीं करावीं लागतात. खड्डा आला कीं त्याला वर-खालीं व्हावें लागतें, आणि स्टिअरिंग फिरवलें कीं डावीकडे अथवा उजवीकडे वळावें लागतें. मायनरमध्यें चाकाच्या आंतल्या अंगास एक उभा पोलादी खांब असतो. कारागीर त्याला किंगपिन म्हणतात. चाकाचा आंस याच खांबाला जडलेला असतो. खांबाच्या वरच्या व खालच्या टोकांवर आटे पाडलेले असून, त्या प्रत्येक टोकावर आंतून आटे असलेला एकेक ठोकळा चढवलेला असतो. या ठोकळ्यास ट्रनियन असें नांव आहे. वरचा ट्रनियन शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्याला जोडलेला असतो आणि खालचा ट्रनियन खालच्या आडव्या आर्मला.

आटे हे एरवीं वस्तु घट्ट आवळण्यासाठीं पाडतात. येथें मात्र त्याच आट्यांवर खांब फिरतो. स्टिअरिंग वळवलें कीं खांब ट्रनियनमध्यें थोडासा फिरतो, आणि सरळ केलें कीं पुन्हां जागेवर येतो. दिवसांतून शेंकडों वेळां होणारी ही हालचाल गाडीचा भार पेलीत असतांनाच व्हावयाची असते.

हा भार पेलणारी स्प्रिंग मायनरमध्यें वेटोळ्याची नसते. खालच्या आर्मपासून निघालेली एक लांब पोलादी सळई मागें जाऊन पुढच्या बैठकीखालीं सांगाड्यांत पक्की अडकवलेली असते. चाक वर उचललें गेलें कीं या सळईला पीळ बसतो. ओलें धोतर पिळून हात सैल केला कीं तें जसें आपोआप उलगडूं लागतें, तशीच ही सळई उलट फिरूं पाहते, आणि तिच्या त्या जोरावर गाडी उभी राहते. तिला टॉर्शन बार म्हणतात. आपल्या परिचयाच्या ॲम्बॅसडर गाडीलाही पुढें अशाच सळया असत.

आतां भाराची दिशा पाहा. गाडीचें वजन आर्मवाटे खालच्या ट्रनियनला खालीं दाबतें, आणि रस्ता चाकावाटे खांबाला वर ढकलतो. म्हणजे खांब ट्रनियनमधून उपसून निघावा अशीच ही ओढ आहे. तिला अडवून धरतात ते केवळ आटे. ते बोथट होत गेले कीं एक दिवस खांब ट्रनियनमधून निसटतो, चाक बाहेरच्या बाजूस कलंडून मडगार्डखालीं दुमडतें आणि गाडीचें नाक जमिनीस टेकतें. पुष्कळदां हें हळू वेगांत, कोपऱ्यावर पूर्ण वळण घेतांना घडतें, आणि मग केवळ मडगार्डावर निभावतें. परंतु नेहमीं तसेंच घडेल अशी हमी कोण देणार? घाटांतील उतारावर, गाडींत मुलेंबाळें असतांना हाच प्रसंग ओढवला तर काय होईल, याचें वर्णन आम्ही करीत नाहीं.

या आपत्तीवर कारखान्यानें दिलेला उपाय मोठा साधा होता. प्रत्येक ट्रनियनला ग्रीस घालण्यासाठीं एक निपल असे, आणि जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेंत दर १,००० मैलांनीं, म्हणजे सुमारें १,६०० किलोमीटरांनीं, तेथें ग्रीस घालण्याची सूचना असे. पहिल्या मालकानें ती पाळली, दुसऱ्यानें कधीं कधीं पाळली, तिसऱ्यास ती ठाऊकच नव्हती. बहुतेक जुन्या गाड्यांचा इतिहास असाच असतो.

परीक्षा

परीक्षेसाठीं दोन माणसें, एक जॅक, एक भक्कम घोडी, एक पहार आणि एक बॅटरी एवढें पुरे होतें. जमीन सपाट व टणक असावी. मागील चाकांस पुढून-मागून लांकडी पाचरी लावाव्या, हँडब्रेक ओढावा, आणि पुढचें एक चाक जमिनीवरून उचलून गाडी सांगाड्याखालीं घोडीवर टेकवावी.

प्रथम चाक माथ्याशीं व तळाशीं धरून आंत-बाहेर हालवावें. कट्ट असा आवाज अथवा ढिलाई जाणवली, तर दुसऱ्या माणसानें ब्रेकचें पेडल दाबून धरावें आणि आपण चाक पुन्हां हालवून पाहावें. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहींशी झाली, तर दोष चाकाच्या बेअरिंगांत आहे. ब्रेक दाबूनही ती राहिली, तर दोष खांबांत, ट्रनियनमध्यें अथवा आर्मच्या रबरी बुशांत आहे; तो नेमका कोठें आहे हें बॅटरीच्या उजेडांत, एकानें चाक हालवीत असतां दुसऱ्यानें पाहावें. नंतर चाक डाव्या-उजव्या कडांस धरून हालवावें. यांत आढळणारी ढिलाई पुष्कळदां टाय रॉडच्या टोकांची असते.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि हीच बहुधा कोणी करीत नाहीं. पहार टायरच्या खालीं घालून चाक हळूच वर उचलावें व सोडावें. दुसऱ्या माणसानें खालच्या ट्रनियनवर बोट ठेवून, खांब त्यांत वर-खालीं सरकतो काय, हें पाहावें. आट्यांची झीज उभ्या दिशेनें होते. म्हणून आंत-बाहेर घट्ट वाटणारें चाकही या परीक्षेंत उघडें पडतें. खांब ट्रनियनमध्यें डोळ्यांना दिसेल इतका वर-खालीं होत असेल, तर ती गाडी रस्त्यावर नेऊं नये. आटे बदलेपर्यंत ती अंगणांतच राहावी.

याच वेळीं आणखी एक गोष्ट तपासावी. टॉर्शन बारचें मागचें टोक ज्या आडव्या पट्टींत अडकवलेलें असतें ती पट्टी आणि तिच्या बाजूचे सांगाड्याचे पत्रे गंजानें पोखरले आहेत कीं काय, हें जुन्या पेंचकशाचें टोक दाबून पाहावें. समुद्रकांठच्या गांवीं राहिलेल्या गाडींत हा रोग विशेष आढळतो. पत्रा टोकाखालीं दबला, तर नवे ट्रनियन घालण्यांत अर्थ नाहीं. आधीं तेथें जाणत्या कारागिराकडून नवा पत्रा जोडून घ्यावा, अथवा गाडीचा निरोप घ्यावा. जुन्या गाडीवरील प्रेम तेवढ्यापुरतें आवरावें लागतें.

घरीं काय करावें?

आपल्या सुशिक्षित घरांत हात काळे करण्याविषयीं एक सुप्त संकोच असतो. पाना धरणें हें दुसऱ्याचें काम, अशी समजूत चार पिढ्यांच्या लेखणीनें आपल्या अंगीं मुरलेली आहे. परंतु मायनरच्या पुढल्या चाकाचें काम पुस्तक वाचून, क्रमानें व सावकाश करणाऱ्या माणसाच्या आवाक्यांतील आहे. त्यास ताकदीपेक्षां नीटनेटकेपणा अधिक लागतो. एकत्र कुटुंबांत तर हें काम फारच चांगलें होतें, कारण दिवा धरणारा, भाग पुसणारा आणि नोंद ठेवणारा असे तिघे साहाय्यक घरांतच मिळतात. मुलींनींही यांत मागें राहण्याचें कारण नाहीं.

मात्र एक भेद स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्या गाड्यांना पुढें वेटोळ्याची स्प्रिंग असते, उदाहरणार्थ प्रीमियर पद्मिनी, त्यांत ती स्प्रिंग गाडी उचलल्यावरही दाबलेलीच राहते. स्प्रिंग आवळून धरण्याच्या खास साधनावांचून तेथील आर्म सोडवला, तर ती सुटून माणसाचा प्राणही घेऊं शकते. तशा गाडीचें हें काम घरीं करूं नये. मायनरची सळई अशी उसळून अंगावर येत नाहीं, परंतु तिच्यांतही पीळ असतो, आणि तो उतरवण्याची रीत पाळावीच लागते.

सामान व तयारी

दोन्ही बाजूंचे खांब, वरचे-खालचे मिळून चार ट्रनियन, त्यांच्या धुळीपासून बचाव करणाऱ्या रबरी कड्या, वरच्या पिनचे व आर्मचे रबरी बुश, आणि नव्या स्प्लिट पिना एवढें सामान आधींच जमवावें. या गाडीचे भाग ब्रिटनमध्यें आजही नवे तयार होतात, व तेथून मागवतां येतात. जुना पण न वापरलेला माल पुण्याच्या नाना पेठेंत शोधणाऱ्यास कधीं कधीं मिळून जातो. डाव्या व उजव्या बाजूच्या भागांचे आटे परस्परांच्या उलट असतात. म्हणून सामान हातीं येतांच प्रत्येक ट्रनियन आपल्या खांबावर बोटांनीं फिरवून पाहावा, आणि त्याला डावा-उजवा अशी चिठ्ठी बांधून ठेवावी.

कामाच्या दोन-तीन दिवस आधीं सर्व जुन्या नटांवर गंज सोडवणारें तेल रोज सोडावें. गाडी टेकवण्यासाठीं लोखंडी घोड्याच वापराव्या. वीट, फरशीचा तुकडा अथवा मोडका पाटा यांवर गाडी कधींही टेकवूं नये. भाराखालीं ते एकाएकीं फुटतात. तसेंच केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं क्षणभरही शिरूं नये, आणि लहान मुलांना त्या दिवशीं अंगणाच्या त्या भागांत येऊं देऊं नये.

शेवटची सूचना अशी कीं, एका वेळीं एकच बाजू खोलावी. दुसरी बाजू जशीच्या तशी असली, म्हणजे शंका आल्यास पाहण्यास नमुना समोर राहतो.

उतरवण्याचा क्रम

गाडी जमिनीवर असतांनाच चाकाचे नट किंचित सैल करावे. मग ती उचलून सांगाड्याखालीं घोडीवर टेकवावी व चाक काढावें. त्यानंतर दुसरा जॅक खालच्या आर्मखालीं लावून आर्म थोडासा वर उचलावा. यापुढें सळईचा पीळ या जॅकवर आहे, हें काम पुरें होईपर्यंत कोणीही विसरतां कामा नये.

हबची टोपी, स्प्लिट पिन व नट काढला कीं ब्रेकच्या ड्रमसह हब बाहेर येतो. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्यें ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ फुफ्फुसांस घातक आहे. ती फुंकून उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपावी व फडकें पिशवींत बांधून टाकावें. ब्रेकची मागची तबकडी खांबापासून सोडवून तारेनें वर टांगून ठेवावी. तिचा भार ब्रेकच्या रबरी नळीवर पडूं देऊं नये. नळी सोडवावी न लागली, तर ब्रेकमधील हवा काढण्याचा व्यापही वांचतो.

टाय रॉडचें टोक निमुळत्या भोंकांत घट्ट रुतलेलें असतें. नट काढून टोकावर वरून हातोडी मारल्यास आटे बिघडतात व टोक मात्र हालत नाहीं. त्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंस दोन हातोड्या एकाच क्षणीं मारल्या कीं तें चटकन् सुटतें.

आतां वरच्या ट्रनियनची पिन सोडवावी. ती निघाल्यावर खांब बाहेरच्या बाजूस झुकतो. त्यास एकानें हात द्यावा. मग आर्मखालचा जॅक अगदीं सावकाश उतरवावा, म्हणजे आर्म खालीं येत जातो व सळईचा पीळ ओसरतो. आर्म आपोआप खालीं येण्याचा थांबला, म्हणजे भार उतरला असें समजावें. मायनरचा आर्म दोन अर्धांचा मिळून बनलेला असतो. त्यांतील पुढचा अर्धा भाग सोडवून खालच्या ट्रनियनची पिन काढली, म्हणजे खांब दोन्ही ट्रनियनसह हातांत येतो. निघेल तो प्रत्येक नट, वायसर व पिन क्रमानें एका ताटांत मांडून ठेवावी, आणि तो क्रम कागदावर लिहावा.

आमच्या घरच्या गाडीची डावी बाजू याप्रमाणें खोलली, तेव्हां हा कागद लिहिण्याचें काम वहिनींनीं पत्करलें होतें. भाग बाहेर पडत होते आणि त्या ताटाच्या कडेनें आंकडे घालीत होत्या. खालचा ट्रनियन बाहेरून ग्रीसनें नुसता माखलेला होता. पूर्वीं ज्या कारखान्यांत गाडी जात असे, तेथें ग्रीस घातल्याचे पैसेही दर खेपेस घेतले जात. परंतु निपलच्या तोंडावर कधींकाळीं रंग बसून तें पुरतें बुजलें होतें. त्यामुळें ग्रीस बाहेर पसरत होतें आणि आंत कित्येक वर्षें थेंबही शिरलेला नव्हता. ट्रनियनमधून तांबूस कोरडी भुकटी पडली. थोरले काका ओट्यावरून पाहत होते. ते म्हणाले, “अरे, गाडी तर परवांपर्यंत सरळ चालत होती. मग हें उकरून काढण्याची काय गरज होती?” पुतण्यानें जुना व नवा असे दोन्ही खांब त्यांच्यापुढें धरले. “काका, या नव्याच्या आट्यांवरून नख फिरवून पाहा, आणि मग जुन्याच्या.” काकांनीं नख फिरवलें. नव्या आट्याचा माथा रुंद व सपाट लागत होता. जुन्याचा झिजून सुरीच्या धारेसारखा झाला होता. काका कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “दुसरी बाजूही आजच उघडा. दिवाळींत आपण घाट याच्यावरच उतरलों होतों.”

बसवण्याचा क्रम

नव्या भागांवरील संरक्षक तेल पुसून आटे स्वच्छ करावे व त्यांवर ग्रीस चोळावें. ट्रनियन खांबावर शेवटपर्यंत चढवावा, आणि मग थोडा मागें फिरवावा. म्हणजे स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवलें तरी आटे तळास टेकून अडकत नाहींत. हा लहानसा नियम चुकला, तर एका बाजूचें वळण अपुरें पडतें, आणि जोर केल्यास नवा भाग पहिल्याच दिवशीं दुखावतो. ट्रनियन बोटांच्या जोरानें, न अडखळतां पण डुगडुग न करतां फिरला पाहिजे.

प्रथम खालचा ट्रनियन आर्ममध्यें बसवून पुढचा अर्धा भाग जोडावा. रबरी कड्या जागच्या जागीं आहेत, हें दोनदां पाहावें. धूळ व पाणी आंत शिरूं न देणें हें काम त्यांचेंच आहे. मग आर्मखालील जॅक हळूहळू वर घ्यावा. सळईला पुन्हां पीळ बसत जातो आणि खांबाचें वरचें टोक शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्याशीं येऊन भिडतें. तेथें वरची पिन व तिचे बुश घालावे. त्यानंतर टाय रॉड, ब्रेकची तबकडी, बेअरिंगमध्यें नवें ग्रीस भरून हब, आणि शेवटीं चाक. काढलेली जुनी स्प्लिट पिन पुन्हां कधींही वापरूं नये.

रबरी बुशांच्या पिना मात्र या वेळीं पूर्ण आवळावयाच्या नाहींत. चाक लोंबत असतांना त्या आवळल्या, तर बुश त्या लोंबत्या स्थितींत पकडले जातात, आणि गाडी जमिनीवर आली कीं त्यांस कायमचा पीळ पडून ते थोड्याच दिवसांत फाटतात. म्हणून गाडी चाकांवर उतरवावी, पुढून दोन-चार वेळां दाबून हालवावी, आणि मग त्या पिना शेवटच्या आवळाव्या.

ग्रीस मात्र गाडी उतरवण्यापूर्वींच घालावें. चाक अधांतरीं असलें म्हणजे आट्यांवरील भार नाहींसा होतो, आणि ज्या बाजूवर एरवीं सारें वजन रेललेलें असतें तिकडेही ग्रीस शिरतें. ग्रीस-गन मारतांना स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवावें. ट्रनियनच्या कडेनें नवें ग्रीस डोकावलें कीं तें आंत पोहोंचलें, हें निश्चित समजावें. कांहींच बाहेर येत नसेल, तर निपल काढून साफ करावें अथवा बदलावें.

रस्त्यावर नेण्यापूर्वीं

काम संपल्यावर ताटांत एकही वस्तु उरलेली नसावी. क्रमाचा कागद घेऊन दुसऱ्या माणसानें प्रत्येक नट व स्प्लिट पिन हात लावून तपासावी. ज्यानें काम केलें त्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक सहसा दिसत नाहीं. मग वर सांगितलेल्या तिन्ही परीक्षा पुन्हां कराव्या.

पहिली फेरी अंगणांत, चालत्या माणसाच्या वेगानें, दोन्हीकडे पूर्ण वळणें घेऊन करावी. ब्रेक दोन-तीनदां दाबून पाहावे. त्यानंतर दोन्ही पुढल्या चाकांची परस्परांशीं असलेली दिशा एखाद्या चांगल्या कारखान्यांत जुळवून घ्यावी. मायनरमध्यें पुढलीं चाकें पुढच्या अंगास दोन-अडीच मिलिमीटर जवळ असावीं लागतात. एवढें बारीक माप दोरी लावून घरींही घेतां येतें, पण तेवढ्यासाठीं कारखान्यास दिलेले पैसे टायर वांचवून परत मिळतात. पन्नास-साठ मैल गाडी चालल्यावर सर्व नट पुन्हां एकदां आवळून पाहावे.

या कामाचा आणखी एक लाभ आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांच्या नोंदणीसाठीं वेगळे नियम केले, आणि त्यांत गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असण्यास महत्त्व दिलें. तशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठीं नसून प्रदर्शनें, जुन्या गाड्यांच्या रॅली व तत्सम प्रसंगांसाठीं असते, हेंही ध्यानीं ठेवावें. जुन्या धाटणीचे ट्रनियन काढून तसेच नवे घातल्यानें मूळ रचना अबाधित राहते, आणि गाडी मात्र निर्धास्त होते.

नोंदवही

एवढें सारें करूनही एक गोष्ट न केल्यास दहा वर्षांनीं हाच दिवस पुन्हां येईल. नवे ट्रनियनही ग्रीसवांचून जुन्यांइतकेच लवकर झिजतात. वर्षभरांत गाडी हजार मैल चालतच नसेल, तर मैलांची वाट न पाहतां दर तीन महिन्यांनीं, आणि पावसाळ्याच्या आधीं व नंतर हटकून, चाकें उचलून ग्रीस घालावें. त्यास अर्धा तास पुरतो व मूठभर ग्रीस लागतें.

आमची सूचना अशी आहे कीं, ज्या वहींत दुधाचा व धोब्याचा हिशेब लिहिला जातो, तिच्याच शेवटच्या पानावर चार रकाने आंखावे : तारीख, मैलांचा आंकडा, कोणतें चाक, आणि ग्रीस घालणाऱ्याची सही. सही घरांतील कोणाचीही असो. ती करणाऱ्यानें नवें ग्रीस ट्रनियनच्या कडेनें बाहेर आलेलें स्वतः पाहिलेलें असावें, एवढीच अट. गाडी ठेवावी कीं विकावी, हा वाद मग घरांत चालेल तितका चालूं द्यावा. पुढल्या प्रवासाला निघतांना मात्र वडील व तरुण या दोन्ही पक्षांनीं तें पान आधीं उघडून पाहावें.